हात कोणाचे? ख्रिस्ती पाळकाच्या दीक्षेचा बायबलमधील आधार

'पाद्री' हा शब्द खानदेशातील माणसाला नवा नाही. पोर्तुगीजांच्या भाषेतून तो मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ 'पिता' एवढाच. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत, जळगाव-धुळ्याच्या मंडळ्यांत, नवापूरकडच्या पाड्यांवर पाद्री, पाळक, फादर, रेव्हरंड अशा निरनिराळ्या नावांनी ओळखली जाणारी माणसे आपण पाहतो. ती प्रार्थना चालवितात, बाप्तिस्मा देतात, लग्ने लावतात, मृताला माती देतात. परंतु त्यांना हा अधिकार दिला कोणी, आणि कोणत्या आधारावर, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. तो विचारण्याजोगा मात्र आहे. कारण देवाच्या नावाने बोलण्याचा अधिकार माणसाला कोठून मिळतो, हा काही एकट्या ख्रिस्ती समाजाचा प्रश्न नव्हे. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरातील बडवे-उत्पातांच्या वंशपरंपरागत हक्काचा वाद कित्येक दशके न्यायालयात चालला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने तो हक्क कायमचा संपला आणि पुजारी नेमण्यासाठी मंदिर समितीने निरनिराळ्या जातींतील स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागविले. तेव्हा जन्माने मिळणारा अधिकार आणि निवडीने मिळणारा अधिकार यांतील फरक आपल्या चांगला परिचयाचा आहे. हाच फरक बायबलमध्ये कसा उलगडत जातो, ते येथे पाहू.

प्रथम एक गैरसमज दूर करू. बाप्तिस्मा आणि पाळकाची दीक्षा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाप्तिस्मा हा प्रत्येक ख्रिस्ती माणसाचा. त्याने तो मंडळीचा सभासद होतो. पाळकाची दीक्षा ही त्या सभासदांतून निवडलेल्या काहींना विशिष्ट कामासाठी दिली जाते. महानुभाव पंथात वासनिक आणि संन्यासी असा भेद आहे, हे खानदेशात सांगावयास नको. तुलना येथपर्यंतच चालते. कारण प्रॉटेस्टंट पाळक संसारी असतो, आणि दीक्षेने तो काही संन्यासी होत नाही. विधीचा गाभा फार साधा आहे. मंडळी जमते, उमेदवाराला प्रश्न विचारले जातात, तो गुडघे टेकतो, आधी दीक्षा झालेली माणसे त्याच्या मस्तकावर हात ठेवतात आणि प्रार्थना होते. ह्या हात ठेवण्याचा उगम आपल्याला बायबलच्या जुन्या करारापर्यंत नेतो.

जुन्या करारात दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहताना दिसतात. पहिला याजकपणाचा. लेवीय पुस्तकाच्या आठव्या अध्यायात मोशे आपला भाऊ अहरोन व त्याचे मुलगे यांना याजकपदावर बसवितो. त्यांना स्नान घालतात, वस्त्रे चढवितात, अहरोनाच्या मस्तकावर तेल ओततात. मेंढ्याचे रक्त उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला लावतात. हा सोहळा सात दिवसांचा. आणि हे पद वंशाचे: अहरोनाच्या कुळात जो जन्मला तोच याजक. आपल्याकडील उपाध्येपणाच्या किंवा गुरवकीच्या वतनाशी ही व्यवस्था सहज ताडून पाहता येईल.

दुसरा प्रवाह गणनेच्या पुस्तकात, सत्ताविसाव्या अध्यायात आहे. मोशे आता जाणार. लोकांना पुढारी हवा. मोशेला गेर्षोम आणि अलियेजर असे दोन मुलगे होते. वारसा त्यांच्याकडे जात नाही. निवड होते ती नूनाचा मुलगा यहोशवा याची, आणि तो तर एफ्राइमाच्या, म्हणजे दुसऱ्याच वंशातला. सगळ्या मंडळीच्या समक्ष मोशे त्याच्यावर हात ठेवून त्याला कामगिरी सोपवितो. येथे तेल नाही, रक्त नाही. माणसाची पात्रता, लोकांची साक्ष आणि हाताचा स्पर्श एवढेच आहे. ह्या कृतीसाठी वापरलेल्या हिब्रू शब्दाचा अर्थ नुसते हात लावणे असा नसून हातावर भार देऊन टेकणे असा आहे. जणू एकाच्या खांद्यावरचे ओझे दुसऱ्याच्या माथ्यावर उतरते. पुढे यहुदी धर्मगुरूंच्या दीक्षेला 'सेमिखा' हे नाव पडले ते ह्याच शब्दावरून. ख्रिस्ती पाळकाच्या दीक्षेने विधी घेतला तो ह्या दुसऱ्या प्रवाहातून. हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे पुष्कळसे उलगडते.

आता नव्या कराराकडे वळू. येशूने बारा जणांना निवडून आपल्याजवळ ठेवले आणि उपदेशासाठी पाठविले, असे मार्ककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. त्या निवडीच्या वेळी त्यांच्यावर हात ठेवल्याचा उल्लेख नाही. यहूदा इस्कर्योताची जागा रिकामी झाली तेव्हा मत्थियाची निवड झाली ती चिठ्ठ्या टाकून. हात ठेवण्याचा पहिला ठळक प्रसंग 'प्रेषितांची कृत्ये' ह्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात येतो, आणि तो प्रसंग भाकरीच्या वाटपातल्या तक्रारीतून उद्भवला आहे. यरुशलेमच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते, अशी कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी लोकांना सांगितले की तुम्हीच सात चांगली माणसे निवडा. लोकांनी निवडली, आणि प्रेषितांनी प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले. त्या सातांची नावे स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि निकलाव अशी आहेत. सातही नावे ग्रीक! ज्या गटावर अन्याय झाल्याची तक्रार होती, वाटपाचे काम त्याच गटाच्या नावांकडे गेलेले दिसते.

ह्या एका प्रसंगात पुढच्या सर्व दीक्षाविधीची बीजे आहेत. गरज मंडळीची, निवड लोकांची, हात आधीच्या जबाबदार माणसांचे, आणि काम सेवेचे. तेराव्या अध्यायात अंत्युखियाची मंडळी उपास व प्रार्थना करून बर्णबा व पौल यांच्यावर हात ठेवते आणि त्यांना प्रवासाला पाठविते. चौदाव्यात हेच दोघे लुस्त्र, इकुन्य व अंत्युखिया ह्या नावाच्याच दुसऱ्या एका नगरात परतताना प्रत्येक मंडळीत 'वडील' नेमतात. ह्या नेमणुकीसाठी जे ग्रीक क्रियापद आले आहे त्याचा मूळ अर्थ 'मत देण्यासाठी हात वर करणे' असा होता. पुढे त्याला 'नेमणे' असा साधा अर्थ आला. म्हणून कोणी म्हणतात की लोकांनी निवडले, कोणी म्हणतात की प्रेषितांनी नेमले. एका क्रियापदाच्या दोन अर्थांवर दोन प्रकारच्या कारभाराने आपापला आधार शोधला आहे.

पदांच्या नावांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. नव्या करारात मुख्यतः तीन नावे येतात. 'एपिस्कोपॉस' म्हणजे देखरेख करणारा. मराठी बायबलात त्याला 'अध्यक्ष' म्हटले आहे, आणि 'बिशप' हा शब्द त्याचाच वंशज. 'प्रेस्बुतेरॉस' म्हणजे वयाने व मानाने मोठा, अर्थात 'वडील'. 'दिआकोनॉस' म्हणजे सेवक. पंगतीत वाढणाऱ्यालाही हाच शब्द लागे. 'कृत्यां'च्या विसाव्या अध्यायात पौल इफिसच्या वडिलांना बोलावितो आणि पुढे त्यांनाच अध्यक्ष म्हणतो. म्हणजे त्या काळी ही दोन नावे निदान काही ठिकाणी एकाच माणसाला लागत होती. चौथे एक नाव मात्र मंडळीच्या कोणत्याही पदाधिकाऱ्याला नव्या करारात लावलेले आढळत नाही, आणि ते म्हणजे 'याजक'. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचे प्रतिपादन असे, की ख्रिस्त हाच आता एकमेव प्रमुख याजक आणि त्याचा यज्ञ एकदाच होऊन चुकला. पेत्राच्या पहिल्या पत्रात साऱ्या मंडळीलाच याजकवर्ग म्हटले आहे. जो मान एका कुळाचा होता तो सर्वांचा झाला. १५२० साली मार्टिन ल्यूथरने रोमच्या सत्तेविरुद्ध जो मोठा युक्तिवाद उभा केला, त्याचा एक आधार हाच होता.

मग सगळेच याजक, तर पाळक कशाला? इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात ह्याचे उत्तर आहे: पाळक आणि शिक्षक दिले गेले ते इतरांना सेवेसाठी तयार करावे म्हणून. इतरांच्या वतीने सगळे स्वतःच उरकून टाकावे, हा त्यातला हेतू नव्हे. अशा माणसाच्या अंगी काय असावे, हे तीमथ्य व तीत यांना लिहिलेल्या पत्रांत सांगितले आहे. ही पत्रे पौलाच्या नावे असली तरी ती त्याच्या शिष्यवर्गातून नंतर आली, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. पण पहिल्या पिढ्यांची समजूत त्यांतून कळते, ह्यात शंका नाही. त्या यादीत कुळाचा उल्लेख नाही. माणूस पाहुणचार करणारा असावा, मद्यपी व भांडखोर नसावा, पैशाचा लोभी नसावा, शिकविण्यास समर्थ असावा, आपले घर नीट चालविणारा असावा आणि बाहेरच्या लोकांतही त्याचे नाव चांगले असावे. ही शेवटची अट विचार करण्यासारखी आहे. पाळकाची परीक्षा मंडळीबाहेरचे शेजारीही घेत असतात, म्हणजे आपणही घेत असतो. शिवाय तीमथ्याला स्पष्ट बजावले आहे की कोणावर घाईने हात ठेवू नकोस. कारण ठेवणाराही जबाबदार धरला जातो.

येथवर फारसा वाद नाही. खरा वाद सुरू होतो तो हात कोणाचे, ह्या प्रश्नापाशी. तीमथ्यावर हात ठेवले गेले, हे दोन ठिकाणी आले आहे. पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात ते हात वडीलवर्गाचे आहेत. दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात ते एकट्या पौलाचे आहेत. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाच्या इग्नाती ह्या बिशपाने लिहिलेल्या पत्रांत बिशप, वडील व सेवक अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था स्पष्ट दिसते. रोमन कॅथलिक, पूर्वेकडील जुन्या मंडळ्या आणि अँग्लिकन यांनी ती पाळली. त्यांच्या मते बिशपाचे हात हवेत. कारण त्या हातांची साखळी प्रेषितांपर्यंत पोचते. प्रेस्बिटेरियनांनी वडीलवर्गाच्या हातांवर भर दिला. काँग्रिगेशनल पंथाने म्हटले की स्थानिक मंडळीने बोलाविल्याशिवाय पाळक होतच नाही. आणि दातांचे वैद्य असलेले अँथनी नॉरिस ग्रोव्ज, जे १८३३ साली हिंदुस्थानात आले, त्यांच्यासारख्यांनी तर विचारले की प्रभुभोजनासाठी दीक्षित माणूस लागतो, असे बायबल कोठे सांगते? त्यांच्या विचाराच्या ब्रदरन मंडळ्यांत आजही दीक्षित पाळकवर्ग नसतो.

हे सर्व प्रकार आपल्या मराठी मुलखात एकोणिसाव्या शतकातच पाहावयास मिळतात. नारायण शेषाद्री यांनी १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे स्कॉटिश मिशनच्या प्रेस्बिटेरियन पद्धतीने त्यांना दीक्षा मिळाली आणि जालन्याजवळ बेथेल हे गाव त्यांनी वसविले. अहमदनगर, आजचे अहिल्यानगर, येथे अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत १८५४ साली हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळक म्हणून दीक्षा देण्यात आली. ही परंपरा काँग्रिगेशनल, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक पुढे ह्याच परंपरेतले. काशीचे पंडित नीलकंठशास्त्री गोरे, बाप्तिस्म्यानंतरचे नेहेम्या गोरे, हे १८७० साली अँग्लिकन बिशपाच्या हातून दीक्षित झाले. मस्तक मराठी, विधी एकच; हात मात्र तीन प्रकारचे!

खानदेशात ह्या प्रश्नाने आणखी एक रूप घेतले. भुसावळ, जळगाव, चाळीसगाव ह्या रेल्वेच्या पट्ट्यात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स ह्या संस्थेचे काम होते. न्यूयॉर्कचे पाळक ए. बी. सिंप्सन यांनी १८८७ साली सुरू केलेल्या कार्यातून ती उभी राहिली. पश्चिम खानदेशात, म्हणजे धुळे, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर ह्या भागात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन काम करीत होते. १८९० साली शिकागोत फ्रेडरिक फ्रान्सन यांनी ते स्थापन केले आणि १९४९ साली त्याचे नाव बदलले. दोन्ही संस्था बिशप न मानणाऱ्या, वडीलवर्गावर भर देणाऱ्या. त्यांच्या मंडळ्यांत मावची, भिल्ल अशा आदिवासी समाजांतील कुटुंबे होती आणि गावकुसाबाहेर ठेवलेल्या जातींतीलही होती. ज्या समाजांना देवळाच्या पायरीवरून मागे फिरविले जाई, त्यांच्यातील माणसाच्या मस्तकावर हात ठेवून त्याला मंडळीचा पाळक म्हणणे, ह्याचा अर्थ काय होतो, हे आपल्यासारख्यांना वेगळे समजावून सांगावयास नको.

पण येथेच मिशनांचा एक दोष सांगितला पाहिजे. बहुतेक मिशनांत स्थानिक माणूस आधी प्रचारक होई. तो पायी गावोगाव हिंडे, शिकवी, आजाऱ्यापाशी बसे. परंतु बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन ह्यांसाठी दीक्षित माणसाची वाट पाहावी लागे, आणि तो दीक्षित माणूस पुष्कळदा परदेशी मिशनरीच असे. मंडळी आपली, भाकरी आपली, ती मोडण्याचा अधिकार मात्र परक्याचा. अमेरिकन मिशनचेच पाहा. ते मुंबईत आले १८१३ साली. खिस्ती व मोडक यांना दीक्षा मिळाली तेव्हा ४१ वर्षे होऊन गेली होती. ह्याउलट पौलाने आपल्या पहिल्याच प्रवासाच्या परतीच्या वाटेवर वडील नेमले. चीनमध्ये काम केलेले इंग्रज मिशनरी रोलंड ॲलन यांनी १९१२ साली एक पुस्तक लिहून नेमका हाच सवाल मिशनांना केला: तुमची रीत पौलाची, की तुमची स्वतःची? त्यांचे म्हणणे असे, की नवी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या पाळण्यात ठेवून ती चालावयास शिकत नाही. तीमथ्याचे पत्र घाई नको म्हणते हे खरे. पण घाई न करणे आणि दिरंगाई करणे ह्यांत अंतर आहे. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापन केला, तेव्हा ह्या परावलंबनाची बोच त्यामागे होतीच.

'हात कोणाचे' ह्या वादाचा एक मोठा समझोता महाराष्ट्रातच झाला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा निरनिराळ्या मंडळ्यांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केले. त्यांत बिशप मानणारे अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल यांचे आधीच एक झालेले मंडळ होते, बाप्तिस्ट होते, मेथडिस्ट होते. अडचण अशी की ज्याला बिशपाने दीक्षा दिली नाही त्याला पाळक मानावे काय? 'नाही' म्हणावे तर अर्ध्या पाळकांचा आयुष्यभराचा सेवाधर्म खोटा ठरतो; 'हो' म्हणावे तर दुसऱ्या अर्ध्यांची परंपरा पोकळ ठरते. तोडगा निघाला तो असा, की सर्वांनी एकमेकांवर हात ठेवावे, आणि प्रत्येकात जे उणे असेल ते देवाने भरून काढावे अशी प्रार्थना करावी. कोणात काय उणे, हे कोणीच बोलावयाचे नाही. तत्त्वज्ञान्यांना हे संदिग्ध वाटेल. भांडण मिटविणाऱ्या शहाण्या माणसाला ते पटेल. खानदेशातील अलायन्स मंडळ्या ह्या ऐक्यात नव्हत्या. त्यांची स्वतंत्र वाट चालू राहिली. कॅथलिकांसाठी धुळे, जळगाव, नंदुरबार हा प्रदेश १९८७ साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतो.

दुसरा वाद अजून चालू आहे, तो स्त्रियांचा. तीमथ्याच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय स्त्रियांनी शिकविण्यास मनाई करतो, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायातील फिबीकडे बोट दाखवितो; तिला तेथे 'दिआकोनॉस' हाच शब्द लावला आहे. शिवाय अपुल्लोसारख्या विद्वानाला शिकविणाऱ्या प्रिस्किल्लेचे उदाहरण आहेच. कॅथलिक चर्चने १९९४ साली पोपच्या पत्राने स्त्रियांना याजकदीक्षा नाही, हे पुन्हा निक्षून सांगितले. चर्च ऑफ साउथ इंडियाने १९७६ सालीच स्त्रीला दीक्षा दिली होती. महाराष्ट्रापुरते पाहिले तर पंडिता रमाबाईंचे चरित्र ह्या वादात आपोआप उभे राहते. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी आपल्या पत्रांतून सांगितले की बिशपांच्या शब्दापुढे विवेक गहाण टाकणार नाही. मूळ हिब्रू व ग्रीकवरून सबंध बायबल त्यांनी मराठीत आणले; ते छापून पूर्ण झाले १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. त्यांच्या मस्तकावर पाळक म्हणून कोणी हात ठेवले नाहीत. पण हात ठेवण्याविषयीची ती सारी वचने त्यांच्या हातून मराठीत उतरली.

सारांश काय? बायबल दीक्षेचा ठरीव साचा देत नाही. म्हणून प्रत्येक पंथाला आपला आधार त्यात सापडतो. पण काही गोष्टी ते ठामपणे सांगते. हे काम जन्माने मिळत नाही. ते स्वतः होऊन घेता येत नाही. दुसऱ्या कोणीतरी पारखून, सर्वांसमक्ष सोपवावे लागते. ते सोपविताना घाई करू नये, आणि पात्र माणूस समोर असता हात मागेही घेऊ नये. आणि जे सोपविले जाते ते वाढप्याचे काम आहे: डावललेल्या विधवांच्या पानापासून त्याची सुरुवात झाली. एखाद्या पाड्यावरच्या मंडळीत नव्या पाळकाची दीक्षा असेल आणि शेजारी म्हणून आपल्याला बोलावणे आले, तर अवश्य जावे. मस्तकावर हात कोणाचे आहेत हे पाहावेच. आणि पंगतीत अजून कोणाचे पान रिकामे आहे, ते त्या पाळकाला दिसते काय, हेही वर्षभराने जाऊन पाहावे.